हलणाऱ्या सांध्याचं बेअरिंग

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. वहीत दुकानाबद्दल लिहिलं, आईच्या, म्हणजे अव्वाच्या, हातच्या जेवणाबद्दल लिहिलं, शाळेतल्या मास्तरांबद्दल तर गरजेपेक्षा जास्त लिहिलं, आणि बशीरचाचांपाशी आलो की पान कोरं सोडून पुढच्या वर्षावर उडी मारली. माझी सून मेघा ही वही वाचते. तिनं एकदा विचारलं, "मामा, डिप्लोमाच्या मधली दोन वर्षं कुठं गेली?" मी म्हणालो, आठवत नाहीत. ते खोटं होतं. त्याच वर्षांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं. आता अंगात फारशी ताकद उरलेली नाही, आणि एवढी वर्षं एक गोष्ट झाकून ठेवायची म्हणजे तीही रोज उचलावी लागते. म्हणून आज लिहून टाकतो. चांगलं लिहिलं जाईल की नाही, याची काळजी करत नाही.

सात रस्त्यावरून आत वळलं की गल्लीत तिसरं दुकान आमचं, बेअरिंग आणि पट्ट्यांचं. पाटीवर सिद्धेश्वराच्या नावानं काहीतरी लिहिलेलं होतं, पण लोक त्याला अप्पांचं दुकान म्हणत. अप्पा म्हणजे माझे वडील. आत पाऊल टाकलं की ग्रीसचा आणि तेलकट कागदाचा वास यायचा. भिंतभर लाकडी कप्पे होते आणि कुठल्या कप्प्यात काय आहे ते फक्त अप्पांनाच माहीत. यंत्रमागवाले यायचे, पिठाच्या गिरणीवाले यायचे, माळशिरसकडचे गुऱ्हाळवाले महिन्यातून एकदा यायचे. कोणी तेलुगू बोलत यायचं, कोणी कानडी, कोणी दखनी, आणि अप्पा प्रत्येकाला त्याच्या बोलीत एकच प्रश्न टाकायचे. फिरतंय का हलतंय? तिरगतदो, अल्लाडतदो? घूमता के हिलता? गिऱ्हाइकाला नंबर सांगून पळायची घाई असायची, पण अप्पा नंबर नंतर ऐकायचे. गोल गोल फिरणाऱ्या दांड्याला छर्ऱ्यांचं बेअरिंग चालतं, कारण छर्रे फिरत राहतात आणि भार सगळ्यांवर आळीपाळीनं येतो. नुसता मागेपुढे हलणारा सांधा असेल, तर तेच दोन-चार छर्रे जन्मभर मार खातात आणि कडीत खड्डे पाडतात. तिथं बुश टाकायचा, म्हणजे गनमेटलची, पितळेसारख्या धातूची, बिनछर्ऱ्यांची नळी. हे अप्पांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. फुटलेली बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन धुऊन ते हे शिकले होते.

दुसरा त्यांचा रोजचा वाद सी-थ्रीवरून व्हायचा. आमच्या बाजारात तेव्हा एक समज होता आणि अजूनही आहे, की बेअरिंगवर सी-थ्री कोरलेलं असलं की माल भारी. लोक येऊन सांगायचे, "अप्पा, सी-थ्रीच द्या की, साधं नको." अप्पा वैतागायचे. "अरे तम्मा, सी-थ्री म्हणजे आतून ढिलं. मोटार तापती, तिला ढिलं लागतंय. तुला कशाला पाहिजे? तू तापतोस काय?" गिऱ्हाईक हसायचं, आणि तरीही सी-थ्रीच घेऊन जायचं.

दुकानाच्या मागे दोन खोल्या आणि चौक, तिथं आम्ही राहायचो. पहाटे शेजारच्या माळ्यावरचे चार माग सुरू व्हायचे आणि भिंतीला टांगलेली भांडी बारीक आवाज करत राहायची. त्या आवाजावर अव्वाच्या भाकरीचा आवाज यायचा. ती ज्वारीच्या भाकऱ्या थापून, भाजून, काही तशाच निखाऱ्याशेजारी उभ्या करून ठेवायची, त्या वाळून पापडासारख्या कडक व्हायच्या. शेंगांची चटणी उखळात कुटताना तेल सुटेपर्यंत ती हात थांबवत नसे. दुपारी पितळी डब्यात कडक भाकरी, चटणी, दही आणि कधी भरलेलं वांगं असं दुकानात जायचं. डबा तीन माणसांचा असायचा. अप्पा, माझा मोठा भाऊ गुरण्णा, आणि बशीरचाचा.

बशीरचाचांचं गॅरेज आमच्या समोर होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याखाली एक लेथ, एक बाकडं आणि भिंतीवर खडूनं बाह्यरेषा काढून टांगलेली हत्यारं. मोटरसायकली, पंपाची इंजिनं, मागाचे सुटे भाग, सगळं त्यांच्याकडे यायचं. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. अप्पा बेअरिंग द्यायचे आणि म्हणायचे, बसवायला बशीरकडेच जा, दुसऱ्यानं हातोडीनं ठोकलं तर मी बदलून देणार नाही. दुपारी चाचा समोरून हाक मारायचे, "अप्पा, क्या भेजे आज अव्वा?" आणि उत्तराची वाट न बघता येऊन बसायचे. एक गोष्ट इथं लिहायला हवी. त्यांचा पाण्याचा पेला वेगळा होता, दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवलेला. एका डब्यातली भाकरी मोडून खाणाऱ्या माणसांमध्ये तो पेला तेवढा वेगळा होता, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा दिसतही नव्हतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो आणि मला सगळं कळत होतं. घरात एक जुनी मोटरसायकल होती. गुरण्णा तिच्यावर माळशिरसकडच्या गुऱ्हाळांना माल पोचवायचा. मागच्या बाजूला लोखंडी चौकट जोडून तिच्यावर जड बेअरिंगांची खोकी बांधायचा. त्या ओझ्यानं गाडीचा मागचा चिमटा ढिला झाला. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा फाटा. त्याचं पुढचं टोक गाडीच्या सांगाड्याला सांध्यानं जोडलेलं असतं, आणि रस्त्यावर खड्डा आला की शॉकअप दबतं आणि चिमटा त्या सांध्यावर जरासा वर-खाली हलतो. सांध्यातले बुश झिजले होते. वळणावर गाडीचं मागचं अंग डुलायचं. अप्पा तेव्हा आत्याच्या घरच्या कार्याला अक्कलकोटला गेले होते आणि दुकान माझ्याकडे होतं.

चाचांनी सांधा खोलून बघितला. म्हणाले, "गनमेटलचे बुश बनाता. माल नहीं है मेरे पास, चार दिन लगेंगे."

"चार दिवस? गुरण्णाला परवा जायचंय," मी म्हणालो. मी कप्प्यातून दोन बेअरिंगं काढून आणली होती, सी-थ्री कोरलेली. एक चिमटीत धरून बोटानं फिरवलं. ते काही आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. "हे टाका. चिमट्याच्या नळीचं तोंड लेथवर जरा मोठं करा, दोन्ही बाजूंना एकेक बसतंय. मी माप काढलंय."

चाचा हसले. "ये कॉलेज में सिखाते क्या? अरे शिवू, ये हिलता सो जागा है. घूमता नहीं. तेरे अप्पा कितने बार बोलते दिन में?"

"बुश म्हणजे जुनी पद्धत झाली, चाचा."

"हौ, मैं भी जुनाच हूँ. अप्पा कू आने दे."

यानंतर मी जे बोललो ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "अप्पांनीच सांगितलंय. काल ट्रंककॉल आला होता. म्हणाले बशीरला सांग, बेअरिंग टाक."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग बेअरिंगं हातात घेतली, उलटून बघितली. "सी-थ्री? अप्पा बोले सी-थ्री?"

"हो."

"अप्पा बोले तो डालता," ते म्हणाले आणि लेथकडे वळले. संध्याकाळी गाडी तयार होती. मागचं अंग इतकं मऊ हलत होतं की गुरण्णानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, या गल्लीत माझ्याएवढं कुणाला कळत नाही. अप्पा परत आल्यावर त्यांना मी सांगितलं की चाचांनी चिमटा दुरुस्त केला. कशानं केला हे सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बशीरनं केलं म्हटल्यावर ते विचारायचेच नाहीत. चाचाही काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या समजुतीनं ते अप्पांचंच सांगणं होतं.

पुढच्या सुगीत गुरण्णा दोन खोकी बांधून निघाला असताना माळशिरसच्या अलीकडे बेअरिंगातली छर्रे धरणारी जाळी फुटली. छर्रे एका अंगाला गोळा झाले, चिमटा तिरका झाला आणि चाक त्याला घासून जागच्या जागी अडकलं. गुरण्णा रस्त्याच्या कडेच्या दगडांवर पडला आणि गाडी, खोकी सगळं त्याच्या उजव्या गुडघ्यावर आलं. हाड जुळलं, पण तो गुडघा परत कधी वाकला नाही. गुरण्णा मरेपर्यंत खुर्चीवर पाय लांब करून बसला. जेवायला, पूजेला, स्वतःच्या लग्नातसुद्धा.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी अप्पांनी गाडी गल्लीत आणवली आणि सांधा स्वतः खोलला. गल्लीतले दोन-तीन मिस्त्री बघत होते. अप्पांनी छर्रे रॉकेलमध्ये धुतले, कडी उजेडात धरली. एकाच ठिकाणी ओळीनं खड्डे पडले होते, बाकी कडी नव्यासारखी चकचकीत होती. अप्पांनी समोर हाक मारली. "बशीर, हितं बेअरिंग कुणी टाकलं?"

चाचा हात पुसत आले. "तुमीच बोले ना अप्पा. शिवू आके बोला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, "मी बुशच म्हटलं होतं. चाचांकडे गनमेटल नव्हतं."

ही दोन वाक्यं मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. यातलं दुसरं खरं होतं, म्हणून पहिलंही खरं वाटलं.

"मैं अपने मन से कायकू डालूंगा बेरिंग?" चाचांचा आवाज चढला. "हिलते जागे पे? बीस बरस से क्या सीखा मैं तुमारे पास बैठ के?"

"मग कुणी टाकायला सांगितलं? माझ्या पोरानं?" अप्पा म्हणाले. "एक पोरगं तिकडं दवाखान्यात पडलंय. दुसऱ्याला खोटं पाडू नकोस, बशीर."

चाचा माझ्याकडे बघत होते आणि मी कडीतले खड्डे बघत होतो. मग ते म्हणाले, "ठीक है," आणि वळून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला तेव्हा ते आले नाहीत. अव्वानं विचारलं, अप्पांनी हात हलवून नको म्हटलं. आठ दिवसांनी खिळ्यावरचा पेला तिनं काढून घासून फळीवर पालथा ठेवला.

मिस्त्रीचं काम त्याच्या नावावर चालतं. बशीरनं हलत्या सांध्यात छर्ऱ्यांचं बेअरिंग टाकलं आणि अप्पांच्याच पोराचा पाय गेला, हे नवी पेठेपासून अक्कलकोट रोडच्या कारखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. वर बाकीचे मिस्त्री हसून म्हणायचे, तेही ढिलं, सी-थ्री. गाड्या यायच्या कमी झाल्या. वर्षभरात लेथ गेला, मग पत्रा उतरला. चाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर तेलपाणी करायला लागले. ज्या माणसाच्या हाताखाली चार जण काम शिकून गेले, तो दुसऱ्याच्या हाताखाली तेलाची कुपी घेऊन फिरत होता. मी त्यांना सायकलवरून पाळीवर जाताना बघायचो. सिग्नलला कधी शेजारी आलो, तर मी पट्ट्यांच्या बंडलात काहीतरी शोधायला लागायचो.

अप्पा पुढे बारा वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात त्यांना दुकानातलंच आठवायचं. खाटेवर पडून ते मला विचारायचे, "शिवू, बशीरसारखा माणूस असं कसं करेल रे?" एकदा नाही, पुष्कळदा. मला वाटतं त्यांना संशय होता आणि ते मला संधी देत होते. किंवा तसं काही नसेल, खरंच कळत नसेल. मी त्यांच्या पायांना तेल लावत राहायचो आणि म्हणायचो, झोपा आता.

नंतर दुकान मी चाळीस वर्षं चालवलं. आजपर्यंत कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, पण त्या चाळीस वर्षांत हलणाऱ्या सांध्यासाठी एकही बेअरिंग मी निवडून दिलं नाही. कोणी आलं की म्हणायचो, आमच्याकडे नाही, पुढं विचारा. मुलानं दुकान विकून कॉम्प्युटरची नोकरी धरली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

मग मागच्या थंडीत मेघाची सायकल आली. मेघा बँकेत आहे आणि दर रविवारी मैत्रिणींबरोबर तुळजापूरच्या घाटाकडे सायकली घेऊन जाते. तिनं पुण्याहून कोणाची तरी वापरलेली डोंगरात चालवायची सायकल घेतली. मी ती चौकात बघितली. त्या सायकलीला मागे शॉकअप होतं. मागचं चाक धरणारा चिमटा सांगाड्याला सांध्यानं जोडलेला होता, आणि खड्डा आला की तो हलत होता. ओझ्याच्या मोटरसायकलीचंच सगळं, फक्त हलकं आणि चकचकीत. मागून खुळखुळ आवाज येत होता.

"सांध्यातली बेअरिंगं गेलीत म्हणतात," मेघा म्हणाली. "कंपनीचा संच मागवला तर दीड महिना. मामा, तुमचं आयुष्य यात गेलंय. तुम्हीच बघा की."

मी म्हणालो, मला यातलं कळत नाही. ती हसली. "सासरा बेअरिंगवाला आणि मी खुळखुळ वाजवत फिरू? बँकेत काय सांगू?"

सांधा खोलला. आतली बेअरिंगं साधी होती, जाळीची. आधीच्या मालकानं कुठूनतरी बसवून घेतलेली. आठ होती. चार चांगली फिरत होती, आणि पेडलच्या क्रँकजवळच्या मुख्य सांध्यातली चार एका जागी खटकून अडकत होती. मी एक फोडून रॉकेलमध्ये धुतलं. कडीत ओळीनं खड्डे.

इथं बुश चालला नसता, जागा तेवढी नव्हती. पण आता अशा सांध्यांसाठी वेगळं बेअरिंग निघालं आहे. त्यात जाळीच नसते. जाळीची जागाही छर्ऱ्यांनी ठासून भरलेली असते, म्हणजे हलणं नखभर असलं तरी भार जास्त छर्ऱ्यांवर वाटला जातो. दोन्ही बाजूंना रबराचं झाकण, चिखलपाण्यासाठी. आत ग्रीस गच्च. ते बोटानं फिरवलं तर जरा कुरकुरतं आणि लगेच थांबतं. काउंटरवर ठेवलं तर कोणी घेणार नाही असं. मेघानं फोनवर शोधून दोन प्रकार दाखवले, त्यातल्या एकावर सी-थ्री होतं. "हे भारी दिसतंय," ती म्हणाली. मी म्हणालो, "ते नको. ते ढिलं असतं." तिनं दुसरं मागवलं. चार दिवसांत आलं, आणि मला बसवायचं धैर्य होईना. मी मनाशी म्हटलं, एकदा बशीरचाचांना दाखवू. खरं कारण काय होतं ते मला माहीत होतं.

त्यांचं घर एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. पंच्याऐंशीच्या पुढचे चाचा उन्हात खाटेवर बसले होते. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "मालूम है. चलते सो चाल अप्पा की है." मग विचारलं, "गुरण्णा कैसा है?"

"गेला, चाचा. चार वर्षं झाली."

"मुझे कोई बोला नहीं," ते म्हणाले.

मी खिशातून बेअरिंग काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि सायकलीचं सांगितलं. त्यांनी ते कानाजवळ नेऊन हलवलं, नखानं रबर उचकून आत बघितलं. "जाली नहीं. पूरा भरेला है." मान हलवली. "हिलते जागे के वास्ते अच्छा है." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सी-थ्री तो नहीं ना?"

"नाही."

"इस बार कौन बोला ये डालने कू?"

"मीच निवडलंय," मी म्हणालो. एवढं तोंडातून निघालं. पुढचं वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. चाचा वाट बघत होते, याची मला खात्री आहे. शेवटी तेच म्हणाले, "अप्पा बाद में कभी पूछे क्या मेरे बारे में?"

"विचारायचे."

"क्या पूछते थे?"

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. मी कप घेतला आणि रबराच्या झाकणाबद्दल बोलायला लागलो. पाण्यानं कसं खराब होतं, ग्रीस कुठलं बरं. चाचा ऐकत राहिले. निघताना त्यांनी बेअरिंग परत दिलं आणि सांगितलं, बसवताना बाहेरच्या कडीवरच दाब दे, आतल्या नको. हे मी पहिलीतल्या मुलासारखं ऐकून घेतलं.

बेअरिंगं बसवली. सायकल आवाज करत नाही. मेघा दर रविवारी घाटात जाते आणि ती परत येईपर्यंत मी दारात बसून असतो. तीन आठवडे मी एक वाक्य मनात घोळवलं आणि चौथ्या आठवड्यात वस्तीत गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यांचा मुलगा बाहेर आला, म्हणाला, अब्बा पिछले जुम्मे कू गए. तुमी कोन? मी म्हणालो, त्यांच्या ओळखीचा.

जे सांगायला गेलो होतो ते असं होतं. चाचा, त्या दिवशी अप्पांचा फोन आला नव्हता. बेअरिंग मी निवडलं होतं, आणि अप्पांसमोर मी खोटं बोललो. अप्पा मरेपर्यंत विचारत होते की बशीरसारखा माणूस असं कसं करेल. तुम्ही केलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला माफ करा.